कलिना, पवई, पार्ले: विद्यापीठाशेजारचं घर आणि त्याचं भाडं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई विद्यापीठात लाखो विद्यार्थी शिकतात. कलिन्याची भाडी त्यांच्यामुळेच चढली ना?

फार थोडी. मुंबई विद्यापीठ हे संलग्न कॉलेजांचं विद्यापीठ आहे. त्याची सातशेहून जास्त कॉलेजं मुंबई आणि उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्या पट्ट्यात विखुरली आहेत. कणकवलीत बी.कॉम. करणारी मुलगी कागदोपत्री याच विद्यापीठाची असते. तिचा विद्यानगरीशी, म्हणजे विद्यापीठाच्या कलिन्यातल्या आवाराशी, संबंध आलाच तर मार्कशीटची दुरुस्ती किंवा ट्रान्सक्रिप्ट यापुरता येतो, आणि त्या दिवशीही ती संध्याकाळच्या गाडीनं परत जाते.

भाड्याच्या हिशेबात पटावरचे विद्यार्थी मोजून काही हाती लागत नाही. संस्थेजवळ रात्री झोपायची जागा लागणारे किती आणि त्यातल्या कितींची सोय संस्था स्वतः करते, एवढे दोनच आकडे कामाचे. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात ते लोक आसपासच्या बाजारात उतरतात. कलिन्यात हे उरलेले म्हणजे मुख्यतः विद्यानगरीतल्या विभागांत एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. करणारी बाहेरगावची मुलं. त्यांची संख्या नगण्य नाही, पण 'लाखो' तर अजिबात नाही.

मग कलिना, वाकोला, सीएसटी रोड एवढं महाग का?

कारण विद्यापीठाचे शेजारी. दक्षिणेला बीकेसी, म्हणजे कार्यालयांनी भरलेलं वांद्रे-कुर्ला संकुल, उत्तरेला विमानतळ. बँकेतला नवा अधिकारी, हिरे बाजारातला कारकून, विमान कंपनीची केबिन क्रू या सगळ्यांना हाच पट्टा हवा असतो. एम.ए.च्या मुलाची या माणसांशी स्पर्धा आहे आणि ती त्याला पैशात जिंकता येत नाही.

त्यात नवी घरं सहज होत नाहीत. विमानतळाच्या फनेल झोनमुळे (विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालचा पट्टा) इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे, त्यामुळे इथे पुनर्विकासात हवे तेवढे मजले चढत नाहीत. गावठाण आणि कोळीवरीसारख्या जुन्या वस्त्यांत भूखंड लहान आणि हिस्सेदार फार. शिवाय खुद्द विद्यापीठाचा दोनशे एकरांहून मोठा परिसर कधी विक्रीला येणार नाही. येऊही नये. मुंबईत एवढी झाडं एका जागी फार ठिकाणी उरलेली नाहीत. पण हिशेब म्हणून पाहिलं तर एवढी जमीन बाजाराबाहेर असली की उरलेल्या जमिनीवरचा ताण वाढतो. विद्यापीठाचा कलिन्यातल्या घरांवरचा सगळ्यात मोठा परिणाम माझ्या मते हा आहे. विद्यार्थ्यांचा परिणाम त्याच्यापुढे लहान.

विद्यापीठ १८५७ पासून आहे. तेव्हाही अशीच ओढाताण होती का?

तेव्हाचं विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं होतं, राहायची सोय करणारं नव्हतं. फोर्टातल्या इमारतीत दीक्षान्त व्हायचा, शिकवणं कॉलेजांत आणि राहणं आपापल्या घरी किंवा नातेवाइकांकडे. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ साली याच विद्यापीठाचे बी.ए. झाले. गिरगाव-दादरच्या चाळींत काकाकडे किंवा मामाकडे राहून शिकलेल्यांची संख्या कोणी मोजलेली नाही, पण जुन्या मराठी घरांत असा एखादा भाचा हमखास असायचा. शिवाय ज्ञातींची बोर्डिंगं होती आणि खाणावळी होत्या. विद्यार्थ्यांना वेगळा भाडेबाजार लागला नाही तो यामुळे.

ही सवय आजही पुरती गेलेली नाही. मुंबईत वाढलेला मुलगा कॉलेजसाठी घर सोडत नाही, तो पास काढतो. बदलापूरहून चर्चगेटपर्यंत रोज जाणं त्याला दिव्य वाटत नाही. घरात अभ्यासाला जागा नसते म्हणून तो भाड्याच्या खोलीत न जाता अभ्यासिकेत जागा धरतो. म्हणून दादर, लालबाग, कुर्ला भागांत अभ्यासिकांपुढे रांगा दिसतात. ही मागणीसुद्धा जागेचीच, पण घरभाड्याच्या आकड्यात ती कुठेच येत नाही.

पुण्यात तर विद्यार्थ्यांमुळे पेठाच्या पेठा बदलल्या. मुंबईत तसं का होत नाही?

पुण्यात येणारा विद्यार्थी बहुधा बाहेरगावचा असतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षांची मुलं तर कोणत्याही कॉलेजच्या पटावर नसतात, तरी त्यांच्यासाठी मेस, झेरॉक्स, अभ्यासिका आणि वाड्यातल्या खोल्या असा पूर्ण बाजार उभा राहिला. मुंबईत लोकल हेच वसतिगृह आहे. विद्यार्थ्यांची मागणी इथे एका पेठेत साचत नाही, ती कर्जत-कसारा-विरारपर्यंत पसरते.

पवईचं काय? तिथे तर आयआयटीनंच परिसर घडवला म्हणतात.

हे अर्धं खरं आहे. आयआयटी १९५८ची. साडेपाचशे एकरांच्या आसपास जागा, बहुतेक विद्यार्थ्यांना हॉस्टेल, प्राध्यापकांना क्वार्टर. वर सांगितलेली वजाबाकी इथे केली तर बाहेर फार कमी लोक उरतात: प्रकल्पांवर तात्पुरते लागलेले संशोधन सहायक, लग्न झालेले पीएच.डी.चे विद्यार्थी, पोस्टडॉक आणि भेटीला आलेले पाहुणे. ते चांदिवली, कांजूर, विक्रोळी पार्कसाइटकडे घर बघतात.

पवईचं आजचं रूप आलं ते १९८६ च्या पवई क्षेत्र विकास योजनेतून. राज्य सरकार, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जमीन नाममात्र भाड्यानं दिली गेली आणि बदल्यात ४० आणि ८० चौरस मीटरची, म्हणजे मध्यमवर्गाला झेपतील अशी घरं बांधायची होती. प्रत्यक्षात उभे राहिले ते ग्रीक खांबांचे आलिशान टॉवर. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये न्यायालयानं आधी लहान घरं बांधायचा आदेश दिला. ती घरं वेळेत झाली असती तर आज आयआयटीत कंत्राटी नोकरी करणारा लॅब टेक्निशियन कदाचित पवईतच राहिला असता. विद्यापीठाच्या शेजारी कोण राहील हे शेवटी जमिनीच्या अटी ठरवतात, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे कुलगुरूंच्या किंवा संचालकांच्या हातात नसतं.

आयआयटीचा खरा हातभार उशिरा आला. तिथून शिकून निघालेल्यांनी कंपन्या काढल्या, त्या पवईतच थाटल्या आणि पगारदार तरुण तिथेच राहू लागले. म्हणजे पवईचं भाडं विद्यार्थ्यांनी चढवलं नाही, माजी विद्यार्थ्यांनी चढवलं.

पार्ल्यात आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर पीजी (पेइंग गेस्ट) आहे. तिथे कुठलं एवढं मोठं विद्यापीठ आहे?

मोठं नाही, खासगी आहे, आणि फरक तिथेच पडतो. पार्ले पश्चिमेला एकाच ट्रस्टची कॉलेजं आणि एक अभिमत विद्यापीठ अगदी थोड्या जागेत आहेत. फी लाखांत. देशभरातून मुलं येतात, त्यांच्या पालकांनी राहण्याचा खर्च आधीच धरलेला असतो आणि 'कॉलेजपासून चालत दहा मिनिटं' यासाठी ते जादा मोजायला तयार असतात. मागणी थोडी, पण खिसा मोठा आणि अंतर कमी. असं असलं की परिणाम दोनचार गल्ल्यांत एकवटतो आणि त्या गल्ल्यांतल्या कुटुंबांना तो लगेच जाणवतो. कलिन्याच्या नेमकं उलट.

कुटुंबाला घर देण्याऐवजी ओनर पीजी का पसंत करतात?

कारण कुटुंब घराचं भाडं देतं आणि विद्यार्थी खाटेचं.

समजा एक वन बीएचके कुटुंबाला ४५,००० रुपयांना जाईल. त्याच घराच्या हॉलमध्ये दोन आणि बेडरूममध्ये दोन कॉट टाकल्या, एका कॉटचे १४,००० धरले, तर महिन्याला ५६,००० येतात. वाय-फाय, पाणी, साफसफाईची बाई, मधूनमधून रिकामी जाणारी खाट हे वजा केलं तरी पारडं पीजीकडेच झुकतं. आता कुटुंबाला तेच घर हवं असेल तर त्याला या खाटांच्या बेरजेशी बरोबरी करावी लागते. घरात कमावणारं एक किंवा दोन माणसं असतात आणि खाटांमागे चार घरांचे पगार उभे असतात. दोन पगारांचं घर चार पगारांच्या खोलीपुढे टिकत नाही. पार्ल्यातलं कुटुंब मग बोरिवलीला सरकतं, चेंबूरमधलं नव्या मुंबईत.

याला दुसरीही बाजू आहे. पीजीवर सरसकट नाक मुरडणाऱ्यांनी ती पाहावी. गावाहून आलेल्या मुलाला पूर्ण घर घ्यायचं तर डिपॉझिट, ब्रोकरेज, गॅस, फ्रिज आणि तीन ओळखीची मुलं जमवावी लागतात. पीजीत तो बॅग घेऊन येतो आणि त्याच रात्री झोपतो. नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या एखाद्या काकूंनी एक खोली दोन मुलींना दिली की त्यांचा औषधपाण्याचा खर्च निघतो. हे जुन्या पेइंग गेस्टचं रूप अजून दादर-माटुंग्यात दिसतं. एकानं दहा फ्लॅट भाड्यानं घ्यायचे आणि खाटा विकायच्या हा धंदा मात्र निराळा. त्यात ओनर कोण आणि तक्रार कोणाकडे करायची हेच मुलांना कळत नाही. कोणत्याही पीजीत पैसे देण्याआधी एवढं विचारा: मूळ मालकाचा या चालवणाऱ्याशी झालेला करार दाखवाल का?

पागडीच्या घरात राहणाऱ्यांना याचा काही त्रास?

भाड्याचा नाही. पागडी म्हणजे आधी मोठी रक्कम देऊन घेतलेली जुनी भाड्याची जागा, तिचं भाडं कायद्यानं बांधलेलं असतं. पण पागडीची खोली पोटभाड्यानं विद्यार्थ्याला देऊ नका. मालकाच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवणं हे खोली जाण्याचं कारण ठरू शकतं.

घर कधी शोधावं?

जून ते ऑगस्ट सोडून कधीही, असं म्हणायला सोपं. पण प्रवेशच तेव्हा होतात. सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या लांबल्या की सगळ्यांची धावपळ एकाच पंधरवड्यात येते आणि ब्रोकरला नकार देण्याची कोणाची हिंमत होत नाही. दोन मार्ग आहेत. पहिली फेरी लागताच कोणीतरी ओळखीचं माणूस पाठवून घरं बघून ठेवणं हा एक. पहिले दोन-तीन महिने साध्या पीजीत काढून दिवाळीनंतर घर घेणं हा दुसरा आणि माझ्या मते अधिक शहाणा. नोव्हेंबरात ओनर घासाघीस ऐकून घेतो, कारण घर पुढच्या जूनपर्यंत रिकामं राहील ही भीती त्यालाही असते. शिवाय तोवर कोणाशी पटतं आणि कोणाच्या घोरण्यानं झोप येत नाही हेही कळलेलं असतं.

लॉक-इनचं, म्हणजे ठरलेल्या काळाआधी घर न सोडण्याचं, कलम नीट वाचा. एम.ए.ची परीक्षा मेमध्ये संपली आणि करार सप्टेंबरपर्यंतचा असला, तर मधलं भाडं गावी बसून भरावं लागतं.

विद्यापीठानं भरपूर वसतिगृहं बांधली तर आसपासचं भाडं उतरेल?

पार्ल्यात उतरेल, कलिन्यात फारसं नाही. कलिन्यात मुलं वसतिगृहात गेली की त्यांच्या रिकाम्या खोल्या बीकेसीतले लोक दुसऱ्या आठवड्यात घेतील. पण म्हणून वसतिगृहं बांधू नयेत असं नाही, उलटच. बाजारात जिथे विद्यार्थी कधीच जिंकू शकत नाही तिथे त्याला बाजारातून बाहेर काढणं हाच उपाय उरतो. वसतिगृह भाडं उतरवण्यासाठी नको, लातूर-नंदुरबारचा मुलगा एम.एस्सी.ला येऊ शकावा म्हणून हवं.

मेट्रो ३ मुळे काय बदललं?

आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडी कफ परेडपर्यंत गेली. सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी आणि बीकेसी ही स्टेशनं विद्यानगरीच्या बाजूची, तर फोर्टातल्या आवारासाठी हुतात्मा चौक. आधी कुर्ला किंवा सांताक्रूझला उतरून रिक्षाच्या रांगेत अर्धा तास घालवणाऱ्याला आता मरोळ, दादर किंवा गिरगावात राहूनही कलिना गाठणं सोपं झालं. विद्यार्थ्याला यात फायदा आहे, त्याच्यासाठी राहण्याचा पट्टा रुंदावला. पण तोच फायदा बीकेसीत काम करणाऱ्यालाही आहे, म्हणून स्टेशनाला चिकटून घर घेऊ नका. दोन स्टेशनं लांब आणि तिथून बसनं दहा मिनिटं असं बघा.

सोसायटी म्हणते, विद्यार्थ्यांना घर देता येणार नाही. असा नियम आहे?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, घर देताना सभासदानं सोसायटीला आधी लेखी कळवायचं असतं. परवानगी मागायची नसते. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. 'बॅचलर आहेत म्हणून दुप्पट' याला आधार नाही.

हे सगळं खरं, तरी एक सांगतो. कमिटीशी कायद्याच्या भाषेत पहिलं बोलणं करू नका. चेअरमनकाकांना भेटा, मुलांची कॉलेजची ओळखपत्रं दाखवा, रात्री दहानंतर गच्चीवर जाणार नाही हे आपणहून सांगा. बहुतेक ठिकाणी भांडण नियमाचं नसतंच. आधीच्या मुलांनी जिन्यात पिझ्झाचे खोके टाकलेले असतात, राग त्याचा असतो.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ना?

लागतो. ही समजूत बाकीच्या राज्यांतून आली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाही लागतो, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी ओनर केवढी जोखीम घेतो हे त्याला कोणी सांगत नाही.

खर्च असा: मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरच्या वार्षिक १० टक्के व्याजावर काढतात. भाडं ४०,०००, डिपॉझिट दीड लाख, मुदत ११ महिने, तर शुल्क ११३० रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन हे घरबसल्या ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे वेगळं काम आहे, तेही ऑनलाइन होतं.

मुदत संपूनही घर सोडलं नाही तर याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक दुप्पट दरानं पैसे मागू शकतो. 'परीक्षा पुढे गेली' हे कारण तिथे चालत नाही, म्हणून निकाल लांबणार असं दिसलं की आधीच मुदतवाढ लिहून घ्या.

डिपॉझिट किती असावं?

जेवढं ठरेल तेवढं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. आत शिरतानाच भिंतींचे, गिझरचे आणि बाथरूमच्या गळतीचे फोटो काढून ओनरला व्हॉट्सॲप करा. शेवटी वाद रंगकामावरच होतो.

राहण्याच्या खर्चाला सरकारी मदत मिळते का?

अनुसूचित जातीच्या, पण सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईसारख्या शहरांसाठी ठरलेली रक्कम वर्षाला ६०,०००: भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००. निवासाचे २०,००० बाराने भागा, महिन्याला सतराशेसुद्धा होत नाहीत. या पैशात कलिन्यात खाट सोडा, खाटेची उशीही मिळत नाही. तरी अर्ज जरूर करा, मेसचा खर्च तरी निघतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर पात्र गटांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अटी आणि तारखा दरवर्षी बघून घ्या.

कुर्ल्यात एसआरएचा फ्लॅट स्वस्तात भाड्यानं मिळतोय. घेऊ?

नको. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही आणि भाड्यानंही देता येत नाही. करार नोंदवता येणार नाही, आणि तपासणी आली तर बाहेर तुम्ही पडाल.

नव्या मुंबईत विमानतळाजवळ एज्युसिटी येतेय. आत्ताच फ्लॅट घेऊन ठेवला तर पुढे भाडं चांगलं येईल का?

जून २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांसारख्या परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं मिळाली आणि लगेच दलालांच्या जाहिरातींत 'विद्यापीठ नगरी' झळकली. तीच वजाबाकी इथेही करा. ही विद्यापीठं आवारातच हॉस्टेल देणार असतील तर बाहेरचा बाजार लहान राहील. फी जबर असेल तर मुलं थोडी पण खर्चिक असतील, त्यांना तुमचा वन आरके नको असेल. आणि पनवेल-उलव्याकडे नव्या इमारतींना जागा पुष्कळ आहे. जिथे पुरवठा वाढू शकतो तिथे भाडं पार्ल्यासारखं चढत नाही. मुंबई परिसरात भाड्याचा परतावा घराच्या किमतीच्या साधारण दोन ते चार टक्के असतो, तर गृहकर्जाचं व्याज त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा वर जातं. स्वतः राहायला घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. केवळ विद्यार्थ्यांच्या भरवशावर कर्ज काढायचं असेल तर निदान पहिली तुकडी येऊन ती कुठे झोपते ते बघा, मग ठरवा.

पीजीवाले भाड्यावर जीएसटी लावतात. द्यायचा का?

दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतचं भाडं आणि सलग किमान ९० दिवस राहणं, या दोन्ही अटी पाळल्या जात असतील तर जुलै २०२४ पासून सूट आहे. पावती मागा. पावतीवर जीएसटीचा नंबर नसेल आणि तरीही कर लावला असेल, तर तो कर नव्हे.